केंडल, फेलिसिटी

(२५ सप्टेंबर १९४६ – ). इंग्रज अभिनेत्री. जन्म इंग्लंडमधील ओल्टन येथे. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल हे दोघेही नट. त्यामुळे अवघ्या नऊ महिन्यांची असताना, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील पळवून आणलेले मूल म्हणून ती कडेवरूनच रंगमंचावर आली.

ती सात वर्षांची असताना कुटुंब भारतात आले. वडिलांची ‘शेक्सपियराना’ ही फिरती नाटक कंपनी शाळा, सभागृहे आणि संस्थानिकांचे राजवाडे असे मिळेल तिथे प्रयोग करी. खरी तालीम तिला या बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या संसारातच मिळाली. थोरली बहीण जेनिफर हिने शशी कपूर यांच्याशी लग्न केले. मुंबईत जुहूचे पृथ्वी थिएटर याच दांपत्याने १९७८ मध्ये उभे केले.

जेम्स आयव्हरी यांचा ‘शेक्सपियर वाला’ (१९६५) हा चित्रपट वडिलांच्या कंपनीच्या अनुभवांवर बेतलेला. त्यात फेलिसिटी लिझी बकिंगहॅम झाली, तर तिचे खरे आईवडीलच पडद्यावरही आईवडील. ‘ऑथेल्लो’ रंगात असताना मधुर जाफरी यांनी साकारलेली चित्रपटतारका उशिरा येते आणि प्रेक्षकांच्या माना रंगमंचाकडून तिच्याकडे वळतात. एका काळाचा अस्त इतक्या थोडक्यात क्वचितच दिसतो.

पुढे लंडन. १९६७ मध्ये ‘मायनर मर्डर’ नाटकातून तिचे तिथल्या रंगभूमीवर पदार्पण झाले. बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ (१९७५–७८) मालिकेतील बार्बरामुळे ती घराघरांत पोचली. टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘इंडियन इंक’ (१९९५) नाटकात ती पुन्हा भारताच्या कथेत शिरली.