जनरल एल इद्रूस : दोन महायुद्धे आणि पाच दिवस

१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात मोडणारे हिंगोली हे एके काळी हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेचे मोठे ठाणे होते. ही फौज निजामाच्या पैशाने पोसली जाई. हुकूम मात्र इंग्रजांचा चाले. १९०३ साली ती ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. निजामाच्या स्वतःच्या सैन्याशी तिची गल्लत वारंवार केली जाते. ती टाळल्याखेरीज मेजर जनरल सय्यद अहमद एल इद्रूस (१८९९–१९६२) ह्यांच्या कारकीर्दीचा अर्थ लागत नाही.

इद्रूस हे संस्थानी सैन्यातले. १८८७ साली निजामाने सरहद्दीच्या संरक्षणासाठी साठ लाख रुपये देऊ केले. त्यानंतर संस्थानिकांनी साम्राज्यासाठी निवडक पथके राखावीत, अशी योजना आली. अशाच एका पथकातून, हैदराबाद लान्सर्समधून, इद्रूस पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर गेले. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर ह्यांचे स्वार एकाच ब्रिगेडमध्ये होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेतल्याचे श्रेय जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांना मिळाले. हैदराबादच्या वाट्याला युद्धकैद्यांच्या पहाऱ्याचे काम आले होते.

दुसऱ्या महायुद्धातला अनुभव अधिक कटू ठरला. डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा बारू येथे जपानी सैन्य उतरले, तेव्हा तेथील विमानतळाचे रक्षण पहिल्या हैदराबाद पलटणीकडे होते. ८ डिसेंबरला पलटणीची फळी मोडली, तिचा अधिपती मारला गेला व तळ सोडावा लागला.

साम्राज्य जेथे पाठवील तेथे लढावयाचे, हीच ह्या सैन्याची घडण होती. स्वतंत्र युद्ध करण्याची सामग्री त्याला कधी देण्यातच आली नाही. इंग्रज गेल्यावर हे उघडे पडले. १९४८ साली सेनापती इद्रूस ह्यांच्यापाशी ना लढाऊ विमानदळ होते, ना रणगाडे. कासिम रझवीचे रझाकार त्यांच्या शिस्तीबाहेर होते. किंबहुना त्यांच्याच अत्याचारांमुळे मराठवाड्यातील बहुसंख्य प्रजा निजामी राजवटीच्या अंताची वाट पाहत होती. प्रजा विरुद्ध असताना सीमा राखणे कोणत्याही सेनापतीला अवघडच.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले. नळदुर्गला त्याच्यासमोर पुन्हा पहिली हैदराबाद पलटणच उभी होती. बोरी नदीवरील पूल मात्र शाबूत हाती लागला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबविले. दुसऱ्या दिवशी इद्रूस ह्यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी ह्यांच्यापुढे शरणागती पत्करली. संस्थानाच्या नावाने लढविलेले हे त्यांचे एकमेव युद्ध. पुढील आयुष्य त्यांनी बंगळूरला घालविले.