ईल, ससा आणि माणूस : एका आजाराचा उलगडा

मागच्या वेळी आपण मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत कसा जातो ते पाहिलं. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. आता हे रिसेप्टरच बिघडले तर?

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात सकाळी माणूस बरा असतो. दिवस चढेल तशा पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर जिवावरच बेततं. १९३४ मध्ये ग्रिनिचच्या रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन टोचलं आणि रुग्णाला तात्पुरता उतार पडला. पण मूळ कारण कळेना. १९६० मध्ये ग्लासगोच्या जॉन सिम्पसन यांनी तर्क मांडला, की शरीर स्वतःच्याच रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करत असावं. पुरावा मात्र नव्हता. माणसाच्या स्नायूत रिसेप्टर इतके थोडे, की ते वेगळे काढणंच अवघड.

इथे दक्षिण अमेरिकेतला विजेचा धक्का देणारा ईल कामी आला. त्याचे वीज निर्माण करणारे अवयव मुळात स्नायूंपासूनच घडलेले, आणि रिसेप्टरनी गच्च भरलेले. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी ईलचे शुद्ध केलेले रिसेप्टर सशांना टोचले. हेतू साधा होता : अभ्यासासाठी प्रतिपिंडं मिळवायची. झालं भलतंच. ससे लुळे पडले! आणि निओस्टिग्मीन, म्हणजे मायस्थेनियाच्या रुग्णांना देतात तेच औषध, दिल्यावर सावरले.

याचा अर्थ बघा. माशाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं सशाच्या स्वतःच्या स्नायूवर उलटली होती. मासा आणि ससा यांच्या वाटा वेगळ्या होऊन ४० कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी रिसेप्टरचा काही भाग जवळजवळ तसाच राहिला होता.

पुढचं भराभर घडलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये रुग्णांच्या स्नायूंत रिसेप्टर कमी असल्याचं दिसलं. १९७५ मध्ये रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तर तेही अशक्त झाले. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम यांना सुमारे ८७ टक्के रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडली. त्याच वर्षी लंडनमध्ये रुग्णांचं प्लाझ्मा बदलून पाहिलं, आणि त्यांना आराम पडला.

अभ्यासाचं साधन शोधायला गेलेल्यांना आजाराचं कारण सापडलं, कारण लुळ्या सशांकडे त्यांनी ‘प्रयोग फसला’ म्हणून पाठ फिरवली नाही. आज पापणी मिटणाऱ्या रुग्णाची जी रक्ततपासणी होते, तिची सुरुवात त्या सशांपासून आहे.