तेरा आणि अठरा व्होल्टांची कुळकथा

श्रावणात कोकणातल्या घरून आईचा फोन आला. "अरे, निम्मी चॅनलं लख्ख दिसतायत आणि निम्मी गेलीत. पाऊस थांबलाय, पैसेही भरलेत." तक्रार नोंदवून घेणाऱ्याने छत्री हलली असेल असं सांगून ठेवलं होतं. पण छत्री खरोखर हलली असती तर सगळीच चॅनलं कमी-अधिक बिघडली असती. बरोबर निम्मी गेली, म्हणजे दुखणं विजेचं असणार, अशी मला शंका आली. त्या शंकेमागे मोठी जुनी कुळकथा आहे.

छत्रीच्या तोंडाशी, दांडीच्या टोकाला जे डबडं असतं ते एलएनबी. उपग्रहाकडून येणारी लहर अतिशय क्षीण असते आणि तिची कंपनं सेकंदाला अकरा-बारा अब्ज. इतक्या वेगाची लहर साध्या वायरीत घातली तर काही मीटरमध्येच ती विरून जाते. म्हणून लहर छत्रीवरच वाढवायची, तिथेच तिची कंपनं कमी करायची आणि मग खाली पाठवायची. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे टेलर हॉवर्ड यांनी 1976 साली स्वतः यंत्रणा बांधून घरी उपग्रहावरचा टीव्ही पाहिला. घरगुती छत्र्यांची सुरुवात तिथून धरतात. यंत्र छत्रीवर गेलं, तशी त्याला वीजही छत्रीवरच न्यावी लागली.

ती कशी न्यायची याचं उत्तर जुनंच होतं. केबल टीव्हीवाले खांबावरच्या अॅम्प्लिफायरला सिग्नलच्याच वायरीतून वीज देत आले होते. टीव्हीची लहर वरून खाली येते, एकदिश वीज खालून वर जाते, आणि तार दोघींची एकच. दोन्ही टोकांना एक कपॅसिटर आणि एक कॉइल असते. कपॅसिटर लहरीला वाट देतो आणि विजेला अडवतो, कॉइल नेमकं उलट करते. मला ही जोडी फार आवडते. दोन सुटे भाग पहारा देतात, आणि एका तारेत दोन प्रवास एकमेकांना धक्का न लावता चालू राहतात.

या विजेला बोलायला शिकवलं ते युरोपातल्या घरगुती छत्र्यांनी. लक्झेंबर्गच्या कंपनीचा अॅस्ट्रा-1ए हा उपग्रह डिसेंबर 1988 मध्ये अवकाशात गेला. जागा वाचवण्यासाठी उपग्रहावरच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांनी पाठवतात, म्हणजे शेजारशेजारची चॅनलं एकमेकांत मिसळत नाहीत. पण घरात बसलेल्या माणसाने चॅनल बदललं की छत्रीला कसं कळावं, आता उभी लहर घ्यायची की आडवी? सुरुवातीला त्यासाठी छत्रीवर छोटी मोटर किंवा चुंबकी कॉइल असे आणि तिच्यासाठी वेगळ्या बारीक तारा ओढाव्या लागत. उन्हापावसात त्या तारा कुजत, मोटर अडकून बसे.

मग जी वीज वर जातच होती तिच्याकडेच निरोप दिला गेला. 13 व्होल्ट म्हणजे उभी, 18 व्होल्ट म्हणजे आडवी. एलएनबीच्या घशात काटकोनात बसवलेल्या दोन बारीक पिना असतात. व्होल्ट बघून तो ठरवतो की कोणत्या पिनेमागच्या ट्रान्झिस्टरला जागं करायचं. साधारण 15 व्होल्टच्या आसपास त्याचा निर्णय बदलतो. नव्वदीच्या मध्यावर अॅस्ट्राच्या पुढच्या उपग्रहांनी आणखी वरचा पट्टा वापरायला घेतला, तेव्हा त्याच तारेत 22 किलोहर्ट्झचा सूर मिसळून तिसरा निरोप जोडला. अमेरिकेत 1994 साली थेट घरात येणारी डिजिटल सेवा सुरू झाली. तिथल्या लहरी गोल फिरणाऱ्या, पण आकडे हेच राहिले: 13 उजवीकडे फिरणारीसाठी, 18 डावीकडे फिरणारीसाठी. 2003 पासून आपल्याकडे डीटीएच आलं ते ही सगळी पुंजी आयती घेऊनच.

आता आईचा टीव्ही. सेट-टॉप बॉक्सने 18 व्होल्ट पाठवले आणि वाटेत गळून वर 14 च पोचले, तर एलएनबीला वाटतं उभी लहर मागितली आहे. आडवी चॅनलं सगळी गायब आणि उभी ठणठणीत! सगळी चॅनलं एकाच तऱ्हेच्या लहरीवर असतील त्या सेवेत मात्र हा निम्म्याचा इशारा मिळत नाही.

गावी गेलो. आधी बॉक्सची वीज बंद केली, मगच मागची वायर सोडली, कारण चालू बॉक्सवर तारेचा गाभा कडेला टेकला तर शॉर्ट होतं. बॉक्स पुन्हा चालू करून त्याच्या मागच्या पिनेला मीटर लावला. उभ्या चॅनलला 13, आडव्याला 18. बॉक्स निर्दोष. नंतर वायर जोडली आणि गच्चीवर एलएनबीकडचं टोक सोडून तिथे मोजलं, तरीही 18. इथे माणूस फसतो. रिकाम्या वायरीतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून मीटर पुरता आकडा दाखवतो. एलएनबी जोडला, त्याने शे-दीडशे मिलिअँपिअर ओढले, की खरी अडचण दिसते. म्हणून खिडकीतून दुसरी वायर थेट छत्रीपर्यंत नेली. सगळी चॅनलं आली. म्हणजे दोष जुन्या वायरीत.

गच्चीच्या कठड्याजवळ वायरीला जोड होता. वरची टेप उलगडली तर आतून एक थेंब पाणी बोटावर आला. पिनेच्या जागी हिरवी पूड. जोडातल्या कनेक्टरला वेगळी पिन नसते, तारेचा गाभाच पिन होतो. गाभा पोलादाचा, वर तांब्याचा पातळ मुलामा. त्याच्यात कायम धन वीज, आणि पाणी मिळालं की तांबं विरघळून हिरवं होतं. मुलामा गेला की उरतो गंजका पोलादी काटा, जो वीज पुरती पोचू देत नाही.

उलट प्रकारही मी पाहिला आहे. बॉक्स आडव्या चॅनलवर गेला की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि छत्रीची वायर काढली की शांत. तिथे बाहेरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर थकला होता. 12 चे 18 करताना बॉक्सला जास्त ताकद लागते आणि अशक्त अडॅप्टर नेमका तिथे मान टाकतो. नवा अडॅप्टर लावला आणि काम झालं. ज्यांच्या बॉक्समध्येच विजेचा विभाग असतो त्यांनी मात्र तो स्वतः उघडू नये. 230 व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

जोडाची दोन्ही टोकं कापून नवे कनेक्टर बसवले. तो जोड कठड्याखाली आडोशाला घेतला आणि वायरीला खाली वाकवून वळसा दिला, पावसाचं पाणी जोडापर्यंत येण्याआधी तिथून गळून पडावं म्हणून. आईने खालून हाक मारली, "आलं रे, आलं!"