छडीविना वाद्यवृंद

१३ फेब्रुवारी १९२२ रोजी मॉस्कोत बेथोव्हेनच्या रचनांचा एक कार्यक्रम झाला. मंचावर पूर्ण सिंफनी वाद्यवृंद होता. नव्हता तो फक्त छडी हातात धरणारा कंडक्टर. या वृंदाचे नाव ‘पेर्सिमफान्स’, म्हणजे ‘कंडक्टर नसलेला पहिला सिंफनी वृंद’ या रशियन शब्दांचा संक्षेप. त्यामागची प्रेरणा होती व्हायोलिनवादक लेव्ह त्साइतलिन यांची. ऑक्टोबर क्रांतीला तेव्हा जेमतेम सव्वाचार वर्षे झाली होती. कारखान्यातला मालक गेला, मग वृंदातला मालक कशाला, हा प्रश्न त्या काळाच्या हवेतच होता.

पण मालक हटवला म्हणून काम आपोआप होत नाही. सुरुवात कोणी करायची? लय कुठे ओढून धरायची? पेर्सिमफान्सने बैठकच बदलली. वादक वर्तुळात बसत. काहींची पाठ श्रोत्यांकडे होई, पण सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसत. नजर, श्वास आणि गजाची हालचाल हीच खूण. रचनेचा अर्थ तालमीत चर्चेने ठरे. त्यासाठी प्रत्येकाला आपल्या ओळींपलीकडची पूर्ण स्वरलिपी ठाऊक असावी लागे. साहजिकच तालमी वाढत.

प्रोकोफिएव्ह १९२७ मध्ये या वृंदाबरोबर पियानो वाजवून गेले. त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. अवघड जागा हा वृंद सहज पार करी, कारण प्रत्येकजण स्वतःला एकलवादक समजून वाजवी. अडचण येई ती लय बदलताना. तिथे साऱ्यांना एकाच क्षणी एकच गोष्ट जाणवावी लागे. सामूहिक निर्णयाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन वाक्यांत आली आहे. फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांचा शेरा अधिक रोखठोक होता : कंडक्टर असता तर हेच फळ थोडे लवकर मिळाले असते.

१९३२ मध्ये पेर्सिमफान्स थांबला. ज्या राजवटीने समूहाचा जयघोष केला, तिच्यातच एका माणसाचा शब्द अखेरचा ठरू लागला होता, हा योगायोग विसरता येत नाही.

पुढे १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चेलोवादक ज्युलियन फायफर आणि सहकाऱ्यांनी ‘ऑर्फियस’ हा कंडक्टरविना चालणारा चेंबर वृंद उभारला. तिथे प्रत्येक रचनेसाठी वादकांचा एक छोटा गट आधी दिशा ठरवतो, मग सर्वजण तालमीत त्यावर बोलतात. प्रमुख व्हायोलिनवादकाची जागाही फिरती असते. म्हणजे नेतृत्व नाहीसे होत नाही; ते आळीपाळीने खांद्यावर घेतले जाते.

मियोंचा हिशेब वेळेपुरता बरोबर होता. पण त्या जास्तीच्या तालमींत प्रत्येक वादक पूर्ण रचनेचा जाणकार होत होता, आणि ही कमाई त्या हिशेबात धरलेली नाही.