पदं एकाची, चाली दुसऱ्याच्या

गीतकार-संगीतकार जोडी म्हटलं की ठाणेकरांना आधी आठवतात पी. सावळाराम आणि वसंत प्रभू. सावळाराम पुढे ठाण्याचे नगराध्यक्षही झाले, त्यामुळे ही जोडी घरचीच. पण ती भावगीतांची जोडी. संगीत नाटकातल्या एका जुन्या आणि काहीशा विस्मृतीत गेलेल्या जोडीचा धागा मात्र मासुंदा तलावाच्या काठी सापडतो. १९७८ साली इथे उभ्या राहिलेल्या रंगायतनाला राम गणेश गडकऱ्यांचं नाव आहे.  

गडकऱ्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक ‘एकच प्याला’. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस, शब्द त्याच्या हाकेला धावून येत. तरीही या नाटकातली पदं त्याची नाहीत. ती वि. सी. गुर्जरांची आणि चाली बाई सुंदराबाईंच्या. पदं ऐकून ‘वा, गडकरी!’ म्हणणारे रसिक आजही भेटतात. दाद योग्य, पत्ता चुकलेला.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. वयाची चौतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. ज्या मंडळीत बालगंधर्व, तिथे पदांशिवाय नाटक लावणं शक्यच नव्हतं. ती रचणारे गुर्जर मूळचे कथाकार. ‘मनोरंजन’ मासिकाच्या वाचकांना त्यांच्या गोष्टी चांगल्याच परिचयाच्या होत्या.

पदं रचण्याचं हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण त्या काळी बहुतेकदा चाल आधी यायची आणि शब्द मागून. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ असा उल्लेख असे. पुढे एखाद्या हिंदी चिजेचे किंवा आधीच्या लोकप्रिय पदाचे सुरुवातीचे शब्द. गाणाऱ्याला तेवढी खूण पुरे. पदकर्त्याने मात्र त्या साच्यात मराठी बसवायची. मात्रा जुळल्या पाहिजेत, सम भलत्याच अक्षरावर आदळता कामा नये, तान घ्यायची तिथे ऐसपैस आकार हवा. ऐन त्याच जागी जोडाक्षर आलं की गायक अडखळलाच. शिवाय चाल ठुमरीची असेल तर तिचा मूळ बोल बहुधा विरहाचा किंवा लाडिक तक्रारीचा, आणि सिंधू ही दारुड्या सुधाकरची सोशिक बायको. तोच साचा घेऊन तिचं दुःख सांगायचं. कागदावर वाचताना गुर्जरांची संस्कृतप्रचुर पदं गडकऱ्यांच्या सळसळत्या गद्याशेजारी अवघडल्यासारखी दिसतात खरी. गळ्यात गेल्यावर हा अवघडलेपणा कुठे जातो, ते ऐकणाऱ्यानेच ठरवावं.

पदं एकाची आणि चाली दुसऱ्याच्या, असा संसार पहिल्यांदा थाटला तो याच बालगंधर्वांच्या भोवती. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि पूरब ढंगाची ठुमरी मराठी रंगमंचावर रुळली. त्याआधी, १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदं आणि चाली ही दोन्ही कामं एकहाती उरकली होती, साकी-दिंडीसारख्या कीर्तनातल्या ओळखीच्या वळणांवर. ‘मानापमान’पासून चाल देणारा हा वेगळा, मानाचा माणूस झाला. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी तर खाडिलकरांच्या जोडीला भास्करबुवा बखल्यांसारखे गवई आले.

या मालिकेत सुंदराबाईंचं नाव उठून दिसतं. टेंबे, भास्करबुवा ही सगळी पुरुषांची नावं. नाटकातल्या बायकाही पुरुषच. सिंधू साकारणारे बालगंधर्व पुरुष, तिची पदं लिहिणारे गुर्जर पुरुष, आणि ज्या सुरांत ती रडते ते सूर मात्र बैठकीत गाणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या बाईचे. लावणी, ठुमरी, गझल यांत मुरलेल्या सुंदराबाईंच्या ध्वनिमुद्रिका पुढे घरोघरी वाजल्या. प्रभातच्या १९३९ च्या ‘माणूस’मध्ये त्या पडद्यावरही आल्या, नायकाच्या आईच्या भूमिकेत.