मिटणारा चाकू

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली. तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. ती महाराजांचीच का, यावर भरपूर शाई आणि त्याहून जास्त डेटा खर्च झाला. खुद्द ते म्युझियमही तशी खात्री देत नाही. १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिथं पोचली, एवढं सांगतं. त्या वादात मला शिरायचं नाही. पण याच म्युझियमनं १९८५ साली जगातल्या शंभर सुंदर वस्तूंची निवड केली, तेव्हा त्यात एक साधा, लाकडी मुठीचा, खिशात मावणारा फ्रेंच शेतकऱ्याचा चाकू होता, असं तो बनवणारी ओपिनेल कंपनी अजून अभिमानानं सांगते.

आपल्याकडे असं होत नाही. आपल्या ऐतिहासिक संग्रहालयांत तलवारी, पट्टे, कट्यारी, बिचवे रांगेनं मांडलेले असतात. ज्या पात्यानं कोणाला मारलं नाही, फक्त काम केलं, ते सहसा काचेआड जात नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हा मोठा अपवाद. तिथं अडकित्ते आहेत, आणि अडकित्ता हे माझ्या मते मराठी माणसाचं खरं खिशातलं, म्हणजे चंचीतलं, पातं. बिजागरीवर फिरणारं, मिटलं की निरुपद्रवी, दिवसातून दहा वेळा बाहेर निघणारं. आणि चारचौघांत बाहेर काढलं तर लोक दचकत नाहीत, उलट सुपारीसाठी हात पुढं करतात.

मी म्हसवडचा. पोटासाठी पुण्यात कोड लिहितो, आणि मिटणारे चाकू हा माझा छंद आहे. स्वस्तातले, कारण महागडे घेऊन वापरायला जीव होत नाही. एखादा चाकू दुसऱ्यापेक्षा चांगला का, हे शोधता शोधता मी पोलादापासून निघालो आणि इतिहासात जाऊन पडलो.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. 'सुरी' आपली, संस्कृत 'क्षुरिका'वरून आलेली. 'चाकू' मात्र फारसीतून आला आणि फारसीत तो तुर्कीतून. आजच्या तुर्की भाषेत 'चाकी' म्हणजे खिशात ठेवायचा मिटणारा चाकूच. चाकूबरोबर त्याच वाटेनं 'कलम'ही आलं. कलम म्हणजे मुळात बोरू. बोरूचं टोक दर थोड्या वेळानं तासावं लागतं, म्हणून कारकुनाच्या कलमदानात दौतीशेजारी एक लहानसं पातं असे. त्याला कलमतराश म्हणत. तो मिटायचाच असं नाही, बहुधा लांब मुठीचा आणि आखूड पात्याचा असे. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे जे ढीग आहेत, त्यांतल्या ओळी अशा कुठल्या ना कुठल्या पात्यानं तासलेल्या बोरूच्या आहेत. इंग्रजांकडेही तेच. पिसाची लेखणी तासायचा तो 'पेन नाइफ'. पिसं गेली, नाव राहिलं.

मिटणारं पातं त्याहून पुष्कळ जुनं. रोमन काळातले घडीचे चाकू युरोपभर उत्खननांत सापडलेत. कल्पना साधी आहे: म्यान वेगळं वागवण्याऐवजी मुठीलाच म्यान करायचं. अडचण एकच, उघडलेलं पातं दाब आला की बोटांवर मिटतं. या एका अडचणीवरचे वेगवेगळे उपाय म्हणजेच खिशातल्या चाकूचा पुढचा सगळा इतिहास. शेफिल्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत स्प्रिंग बसवली. ती पात्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते, पण जोर लावला की सोडते. १८९०मध्ये फ्रान्सच्या सावोया भागात जोसेफ ओपिनेल या खेड्यातल्या अवजारं करणाऱ्याच्या मुलानं स्प्रिंगही काढून टाकली. बीचच्या लाकडाची मूठ, तिला एक खाच, एक रिव्हेट, एक पातं. १९५५ साली त्यावर फिरणारी पत्र्याची कडी आली. ती फिरवली की पातं अडकतं. पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये, स्विस सैन्याला मिळालेल्या चाकूला पेचकस होता, कारण त्यांची नवी रायफल खोलायला तो लागायचा.

हिंदुस्थानात शेफिल्डचा माल येत होताच. देशी चाकूंसाठी पंजाबातलं वझिराबाद नावाजलेलं होतं, ते फाळणीत पलीकडे गेलं. आपल्या बाजूला १९१०मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, पण तो नांगरांचा आणि कडबा कापायच्या यंत्रांचा. माणदेशातलं बारीक पातं घिसाड्यांच्याच हातात राहिलं. रस्त्याकडेला पाल, जमिनीत भट्टी, पुरुष सांडशीत लोखंड धरणार आणि बाई घण मारणार. खुरपं, विळा, कुऱ्हाड, मोटेच्या काळात मोटेचं सामान. मिटणारा चाकू हा त्यांचा रोजचा माल नव्हे. पाठीची स्प्रिंग सगळीकडे सारखी लवचीक व्हावी लागते आणि रिव्हेटचं भोक केसभरही ढिलं चालत नाही. ते काम उघड्या भट्टीचं नाही. पण पात्याला 'पाणी पाजणं' घिसाड्याइतकं फार थोड्यांना कळतं. तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी ओळखून ते नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचं. कॉलेजात मला हे आलेखावरून शिकवलं, रंगावरून नाही.

या लोकांना राज्यानं भटक्या जमातींच्या यादीत घातलं आहे. म्हसवडच्या अर्वाचीन इतिहासातली सगळ्यांत मोठी गोष्टही लोहारकाम करणाऱ्या एका बाईपासून सुरू होते. चेतना सिन्हा ती नेहमी सांगतात: रस्त्यावर राहणाऱ्या या बाईला पावसाआधी प्लॅस्टिकचा कागद घेण्यासाठी पैसे साठवायचे होते, आणि एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. त्यातून १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेबद्दल खूप लिहिलं गेलंय. ती बाई काय घडवत होती, याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

मग हे कामाचं पातं बदनाम कसं झालं? माझं उत्तर: रामपूरमुळे, आणि खरं तर मुंबईमुळे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कारागीर खटक्याचा लांब पात्याचा चाकू करत. तो हिंदी सिनेमात गेला. 'वक्त' (१९६५) मधल्या राजकुमारनंतर चाकू उघडण्याचा आवाज हाच संवाद झाला. पुढं रामपुरात त्या धंद्याला सरकारी बंदीनं उतरती कळा लागली आणि मार्च २०२३मध्ये तिथल्याच चौकात वीस फुटी चाकूचा पुतळा उभारला गेला. धंदा मोडायचा आणि स्मारक बांधायचं, हे आपल्याला चांगलं जमतं.

कायदा सिनेमापेक्षा शहाणा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं धारदार शस्त्रांत मोडतं, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती वगळली आहेत. ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू साडेआठ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेतीन इंचही नाही. पण आपल्याकडे पोलीस कायद्याचं कलम ३७ही आहे. सण, यात्रा, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे त्याखाली हुकूम निघतो आणि त्यात चाकूपासून काठीपर्यंत सगळं जवळ बाळगायला मनाई असते. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा हुकूम पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून पंधरवड्यापंधरवड्यानं नवा निघतो. मेंढरं घेऊन चाऱ्यामागं जिल्हे ओलांडणाऱ्या धनगराला कुठल्या जिल्ह्यात कुठला पंधरवडा चालू आहे हे कोण सांगणार? त्याच्याकडे काठी असतेच, कुऱ्हाड असते, कंबरेला चाकू असतो. माझ्या बॅगेतही चाकू असतो आणि मला आजवर कोणी विचारलेलं नाही. मी लॅपटॉपवाला दिसतो, तो धनगर दिसतो. हुकूम दोघांना एकच.

इथून जवळच, आटपाडीजवळ, याच्या बरोबर उलटा प्रयोग झाला होता. १९३९च्या सुमारास औंधच्या संस्थानिकांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेनं स्वतंत्रपूर ही खुली कैद्यांची वसाहत काढली. भिंत नाही, आणि खुनाच्या गुन्ह्यातले कैदी शेती करणार. शेती म्हटली की खुरपं, विळा, कुऱ्हाड हातात देणं आलंच. वसाहत टिकली. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला तो यावरूनच. हिंदी सिनेमानं चाकूचं केलेलं नुकसान या एका चित्रपटानं थोडंफार भरून काढलं, असं मी मानतो.

आता तुलना. दोन हजारांच्या आगेमागे आज तीन तऱ्हा मिळतात. पहिली, यात्रेतला शंभर-दीडशेचा चाकू. सिद्धनाथाच्या रथयात्रेत मार्गशीर्षात दुकानं लागतात तिथं घ्या किंवा पुण्याच्या बोहरी आळीत, माल साधारण तोच. स्प्रिंग ढिली, पातं मऊ. पेरू कापायला ठीक. दोरीला जोर लावाल तर बोट जाईल. दुसरी, चीनच्या यांगजियांगमधून येणारे चाकू: तेरा टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद, आणि मुठीतली पट्टी पात्यामागं येऊन अडकते ते लायनर लॉक. पैशाच्या मानानं बनावट थक्क करणारी. पण माणदेशी फुफाटा सांध्यात गेला की पट्टी नीट बसत नाही, आणि ती नीट बसलीय का हे अंगठ्याला लगेच कळत नाही. तिसरी, ओपिनेल. कडी फिरलीय की नाही ते दिसतं. खाच उघडी असते, फुंकर मारली की धूळ बाहेर. तिच्यावर एकच कायमची तक्रार आहे, ओल्या हवेत लाकूड फुगून पातं अडकतं. महाबळेश्वरच्या आषाढात ते होईल. त्याच जिल्ह्याच्या या टोकाला, म्हसवडला, पावसाची वाट बघण्यात वर्ष जातं, तिथं ही तक्रार चैनीची वाटते.

ओपिनेलमध्येही मी साधं कार्बनचं पातं घेतो, न गंजणारं नाही. त्यात कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास. घिसाडी ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून विळा करतो त्या लोखंडात साधारण अर्धा टक्का. दोन्ही एकाच कुळातली, कुठल्याही बारीक दगडावर धार घेणारी. गंजतात, म्हणून पुसून तेलाचा हात द्यावा लागतो.

आटपाडीकडे डाळिंबाची गुटी बांधतात तेव्हा पेन्सिलएवढ्या फांदीवरून अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल सोलून काढतात, मग तिथं ओलं शेवाळ आणि वर प्लॅस्टिक. तासगावला द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून जंगली खुंटात बसवतात. मराठीत यालाही कलमच म्हणतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं. कार्बनच्या पात्यानं एक-दोन झाडांच्या गुट्या केल्या की लोखंडाशी त्याची क्रिया होऊन पातं निळसर काळं पडतं. लोखंड आणि टॅनिन यांच्यापासूनच पूर्वी लिहायची काळी शाई करत. हा काळा थर घासून काढू नये, त्यानं पातं कमी गंजतं.