पैलतीर दिसत होता

मंगळवार, २१ मे २०२४. उजनी धरणाचा फुगवटा. एका काठाला सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचं कुगाव, समोर पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याची कळाशी. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास या दोन काठांच्या मध्ये एक बोट उलटली आणि सहा जण बुडाले. बातम्यांत ही घटना त्या दहा मिनिटांपासून सुरू होते. मी ती सकाळपासून मांडतो आहे. डोंगरात, ओढ्यांत आणि धरणांच्या काठांनी इतकी वर्षं फिरल्यावर माझी एक धारणा पक्की झाली आहे: मे महिन्यातली संध्याकाळ दुपारीच ठरलेली असते.

सकाळी ६. अजून साडेअकरा तास.

सकाळचं उजनीचं पाणी ज्यानं पाहिलं आहे, त्याला त्याची भीती वाटणं अवघड आहे. वारा पडलेला असतो. रात्री टाकलेली जाळी काढून मच्छीमार परतत असतात. पाण्यावर एक सुरकुती नसते आणि पैलतीरावरची झाडं मोजता येतील इतकी जवळ वाटतात.

त्या वर्षी तर पाणी खूपच खाली गेलेलं होतं. २०२३ चा पावसाळा अपुरा झाला. धरणाचा उपयुक्त साठा संपून उजनी कधीच ‘उणे’ झाली होती. आमच्याकडे हा शब्द आता शेतकऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा, म्हणजे उजनी शून्यावर आली तरी साठ टीएमसीहून जास्त पाणी शिल्लक असतंच. पळसदेवचं जुनं मंदिर त्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर आलं होतं आणि ते बघायला लांबून लोक येत होते. पाणी आटलं की धोकाही आटला असं काठावरून वाटतं. पण आटतात त्या कडा. मधलं भीमेचं जुनं पात्र तसंच खोल राहतं आणि पलीकडे जाणारी प्रत्येक बोट त्याच्यावरूनच जाते.

सकाळी ९. साडेआठ तास.

बोटीनं जायचंच कशाला, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडेल. धरण होण्याआधी इथे भीमा होती. उन्हाळ्यात पायउताराची, पावसाळ्यात नावेची. दोन्ही काठांची सोयरीक एक होती, बाजार एक होते, जत्रा एक होत्या. धरण भरलं आणि भावकीच्या मधोमध पाणी पसरलं. नाती तशीच राहिली, रस्ता गेला. डिकसळच्या जुन्या पुलावरून किंवा टेंभुर्णीकडून वळसा घ्यायचा, नाहीतर बोटीत बसून समोर उतरायचं. दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी, इंदापूर-बारामतीच्या कामासाठी माणसं बोटीत बसतात ती हौसेनं नव्हे. डोंगरातला ओढा ओलांडणाऱ्या आम्हा भटक्यांपेक्षा ही माणसं इथेच वेगळी पडतात. आमचा बेत आम्हाला कधीही मोडता येतो. ज्याचा रस्ताच पाण्यावर आहे, त्यानं बेत मोडला की त्याचा दिवस मोडतो.

दुपारी १२. साडेपाच तास.

आता जमीन तापते. धरणाकाठची उघडी पडलेली काळी गाळवट आणि पलीकडचं माळरान सूर्याखाली सारखं तापत नाही, पाणी तर त्याहून कमी तापतं. तापलेली हवा वर चढू लागते. अरबी समुद्राकडून आलेला ओलावा तिच्या हाती लागला की डोक्यावर कापसाच्या गोळ्यांसारखे ढग उगवतात. बारा वाजता ते चपटे आणि निरुपद्रवी दिसतात. उकाडा वाढतो, अंग चिकचिकतं, गावाकडची म्हातारी माणसं ‘आज येणार’ म्हणतात. हवामानाचा हा सगळ्यात जुना अंदाज, आणि मे महिन्यात तो बऱ्याचदा खरा ठरतो.

दुपारी १. साडेचार तास.

त्या दिवशी दुपारी एकला बारावीचा निकाल लागला. राज्यभर प्रत्येक घरातला फोन कुणाच्या ना कुणाच्या हातात होता. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढच्या तीन तासांत वादळ कुठे उठू शकतं, याचा तात्काळ अंदाज हवामान खातं याच फोनवर देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडत असेल तर तेही सांगतं. निकाल बघायची सवय आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. पाण्यात पाऊल टाकण्याआधी ढग बघायची सवय मात्र धक्क्याधक्क्यावर, शाळाशाळांत कुणीतरी लावावी लागेल.

दुपारी ३. अडीच तास.

या तासाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे.

सह्याद्रीत मे-जूनमध्ये फिरणाऱ्या जुन्या मंडळींचा एक रिवाज आहे: दुपारी दोनच्या आत कडा आणि पठार सोडायचं, आणि परतीचा ओढा उजेडात, आभाळ भरायच्या आत ओलांडायचा. बेत आखताना ते आधी परतीची वेळ लिहितात आणि तिच्यावरून निघायची वेळ काढतात. पहाटे चारला निघायचं म्हटलं की नव्यांची तोंडं वाकडी होतात. त्याचं कारण गडावर नसतं, संध्याकाळच्या ओढ्यात असतं.

दुसरी गोष्ट ते बघतात ती अशी की, आपण उभे आहोत तिथलं आभाळ पुरेसं नसतं. सांधण दरीत उभं राहिलं की आभाळाची एक चिंचोळी पट्टी दिसते. पाऊस पडतो तो त्या पट्टीबाहेर. बारामतीकरांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पाऊस कोसळला पुरंदरच्या डोंगरांत, नाझरे धरणातून पाणी सुटलं आणि कऱ्हेचा पूर बारामती शहरात शिरला. एरवी वर्षभर कोरडी असलेली नदी एका रात्रीत वस्त्यांमधून वाहिली. त्या रात्री ज्यांनी घरं सोडली, त्यांच्या दारातल्या पाण्याचा निकाल कित्येक कोस वर लागलेला होता.

उजनीवर वारा याच पद्धतीनं येतो. दुपारी तीन-चारच्या सुमाराला कापसाचे गोळे एकमेकांत मिसळून उंच मनोरे होतात, त्यांचं माथं पसरतं. आत पाऊस धरू लागतो. तो पाऊस खालच्या कोरड्या हवेत उतरताना अर्धा वाटेतच सुकतो आणि सुकताना भोवतालची हवा गार करतो. गार हवा जड असते. ती सरळ खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे धावत सुटते. आमच्याकडे त्याला वावधान म्हणतात. ढग अजून काही कोस लांब असतो, डोक्यावर ऊनही असू शकतं, आणि धुळीचा लोट आधी येऊन पोचतो. रानात बाभळी, ऊस, घरं त्याला अडवतात. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काहीच नसतं.

दुपारी साडेचार. एक तास.

न जाण्याची किंमत फक्त एक मुक्काम, एवढी स्वस्त असण्याचा हा शेवटचा तास.

तो मुक्काम स्वस्त आहे असं त्या वेळी कुणालाच वाटत नाही. दिवसभराची कामं उरकलेली असतात, लेकरं कंटाळलेली असतात, घर समोर दिसत असतं. पाण्यावरच्या आणि डोंगरातल्या बहुतेक अपघातांचा हाच तास आहे. भुशी धरणामागच्या धबधब्यात त्याच वर्षी ३० जूनला एक कुटुंब खडकावर अडकलं. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं सगळ्या महाराष्ट्रानं फोनवर पाहिली. पाच जण गेले. खडकावर पाय ठेवला तेव्हा पाणी घोट्याएवढं असेल, तर परत फिरायला कारण काय दिसणार?

उजनीला हा धडा नवा नव्हता. ३० एप्रिल २०१७ ला इंदापूर तालुक्यातल्या अजोतीजवळ याच फुगवट्यात फिरायला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटली होती. बोटीत दहा जण होते, चौघे बुडाले. तो रविवार होता आणि ती सहल होती. सहलीच्या बोटींबद्दल तेव्हा बरंच बोललं गेलं. रोजच्या बोटीबद्दल तेवढं कुणी बोललं नाही. अशा फेऱ्यांत जीवरक्षक जॅकेट क्वचितच दिसतं. दिसलं तर ते बसायला घेतलेलं असतं.

संध्याकाळी साडेपाच.

बोट कुगावहून कळाशीकडे निघाली. बोटीत सात जण होते. त्यांत एक जोडपं आणि त्यांची दोन लहान मुलं.

संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास.

वारा आला.

अशा वेळी काय होतं ते क्रमानं सांगतो, कारण पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला धावायला जितकी लांबी मिळते तितक्या लाटा वाढतात, आणि फुगवट्यात ही लांबी कैक किलोमीटरची असते. समुद्रासारख्या त्या लांब, संथ नसतात. आखूड, उभ्या, एकीच्या पाठोपाठ एक. उथळ बोटीचा काठ पाण्यापासून वीत-दोन वीत वर असतो. पहिली लाट काठावरून आत येते. माणसं दचकून दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि सगळं वजन एकीकडे गेलं की बोट कलते. आत आलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. इथून पुढे मिनिटं नसतात, क्षण असतात. मोठं माणूस पोहू शकेल, पण ज्याच्या हातात लेकरू आहे त्यानं कसं पोहायचं?

बोट उलटली. एक जण त्या लाटांमधून पोहत कळाशीच्या काठाला लागला. काय झालं ते काठावरच्या लोकांना कळलं ते त्याच्यामुळेच.

रात्र.

मच्छीमार आणि गावकरी शोधाला लागले. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती. चांदण्याच्या त्या रात्री कुगाव आणि कळाशीच्या काठांवर माणसं पाण्याकडे तोंड करून बसून होती.

बुधवार, २२ मे.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पाण्यात उतरली. बोट सापडली ती सुमारे ३५ फूट खोल. धरण ‘उणे’ असताना, मंदिरं उघडी पडलेली असताना, ३५ फूट. बोटीत कुणी नव्हतं.

गुरुवार, २३ मे. बुद्धपौर्णिमा.

सकाळी मृतदेह पाण्यावर येऊ लागले.

त्याच दिवशी तिकडे अकोले तालुक्यात सुगावजवळ, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेली, सराव केलेली, पाण्याला तयार असलेली माणसं होती ती. उजनीची बातमी वाचून ‘पोहायला यायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बातमीही वाचावी.

उजनीच्या अपघातानंतर पलीकडच्या काठावरचं शिरसोडी ते कुगाव अशा पुलाच्या मागणीनं जोर धरला आणि पूल मंजूर झाला. तो माणसांच्या पायाखाली येईपर्यंत मला एवढंच हवं आहे: मे आणि जून महिन्यांत शेवटची फेरी दुपारी दोनला सुटावी. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असावं, लेकरांच्या मापाचंही. आणि आभाळ भरल्यावर ‘आज नाही’ म्हणणाऱ्या नावाड्याची त्या दिवसाची मजुरी कुणीतरी भरून द्यावी. गाइडनं गट मागे फिरवला म्हणून आम्ही त्याचे पैसे कापत नाही. बोटवाल्यानं मात्र उपाशी राहून शहाणपण दाखवावं, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत.

गुरुवारी ज्यांना अंत्यविधीला पलीकडच्या काठावर पोचायचं होतं, त्या नातेवाइकांपुढे वाटा दोनच होत्या: रस्त्याचा तोच लांबचा वळसा, नाहीतर तेच पाणी.